ॲम्बेसेडर की फियाट? तुलना करण्याआधी विचारायचे प्रश्न

आमच्याकडे कुठल्याही लग्नात पंगत उठली, पानाचे तबक फिरले की एक वाद हमखास निघतो. मोठे काका फियाटवाले, मामा ॲम्बेसेडरवाले. काका म्हणणार, "फियाट म्हणजे कशी, हरणासारखी." मामा म्हणणार, "आणि माणसं किती बसायची तुमच्या हरणात?" मग मायलेज, बोरघाट, गॅरेजचा खर्च, सगळं निघतं आणि कोणीही हरत नाही.

पीएचडीला आल्यावर मला वाटलं, हा वाद आपण आकड्यांनी मिटवू. माझा विषय स्वातंत्र्योत्तर भारतातला मोटार उद्योग. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी दिमाखात एक तक्ता टाकला. डावीकडे ॲम्बेसेडर, उजवीकडे फियाट ११०० म्हणजेच पुढची पद्मिनी, आणि मधे इंजिन, ताकद, वजन, वेग. मॅडमनी तक्ता पाहिला, उजव्या रकान्यातल्या एका आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "ही गाडी कुठे बनली?"

मी म्हटलं, "कुर्ल्याला."

"मग हे इंजिन तिच्यात कधी बसलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते इंजिन भारतीय गाडीत बसलेलंच नव्हतं. तो आकडा तुरीनच्या गाडीचा होता. पुढचे तीन महिने मी तो तक्ता उसवून पुन्हा विणण्यात घालवले. तुलनेवर आधारलेला विषय घ्यायचा तुमचा विचार असेल, मग तो दोन गाड्यांचा असो, दोन गिरण्यांचा असो किंवा दोन पाटबंधारे योजनांचा, तर ही कसरत एकदा माझ्याबरोबर करून बघा. तुमचे तीन महिने वाचतील.

आधी दोन्ही गाड्यांची ओळख

ॲम्बेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्स ही बिर्लांची कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीचं काम गुजरातेतल्या ओखा बंदरात झालं आणि नंतर कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेला. तिथे आधी हिंदुस्तान टेन, मग हिंदुस्तान फोर्टीन, मग लँडमास्टर अशा मॉरिसच्याच गाड्या बनल्या आणि १९५७-५८ मध्ये ॲम्बेसेडर आली. तिचं उत्पादन थेट मे २०१४ मध्ये थांबलं.

फियाटची गोष्ट आपल्या जवळची. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरबरोबर करार होता, त्यामुळे डॉज आणि प्लिमथ इथे जोडल्या जायच्या. पन्नाशीच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाटची ११००-१०३ ही गाडी दान्ते जाकोसा या अभियंत्याने केलेली आणि १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवलेली. तीच वर्षभराने कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. १९६४ मध्ये तिचं नवं रूप आलं, तिला 'डिलाइट' म्हणत. पुढे १९७२ च्या सुमारास तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. उत्पादन संपलं ते २००० च्या आसपास.

दोन्ही गाड्या परदेशी आराखड्याच्या, दोन्ही पन्नाशीतल्या, दोन्हींना चार सिलिंडर, चार गिअर आणि मागे पाटे. तुलनेला याहून सोपी जोडी मिळणार नाही असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

पहिला प्रश्न: नेमकी कोणती गाडी?

"ॲम्बेसेडर" हे एका गाडीचं नाव नाही, ते साधारण छप्पन्न वर्षांचं नाव आहे. सुरुवातीच्या गाड्यांत १४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. लवकरच त्या जागी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज' हे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह, १४८९ सीसीचं इंजिन आलं. १९८० च्या आसपास डिझेल आलं. नव्वदीत इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, पाच गिअर आले, ताकद ७५ अश्वशक्तीपर्यंत गेली. मामा ज्या गाडीबद्दल बोलतात ती १९७० ची. यूट्यूबवर एखादा हौशी माणूस जी पळवून दाखवतो ती बहुतेक वेळा इसुझूवाली असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि फसगत तिथेच होते.

आता माझी चूक सांगते. १९६४ ची भारतीय डिलाइट दिसायला इटलीच्या '११०० डी' सारखी. इटलीतली ११०० डी आली १९६२ मध्ये आणि तिच्यात १२२१ सीसीचं इंजिन होतं. मी बॉडीवरून गाडी ओळखली, इटालियन माहिती उघडली आणि १२२१ हा आकडा उचलला. भारतात मात्र बॉडी नवी आणि इंजिन जुनंच, १०८९ सीसीचं राहिलं. म्हणजे माझ्या तक्त्यात अशी गाडी होती जी कुर्ल्याच्या कारखान्यातून कधी बाहेरच पडली नाही.

हा धोका फक्त गाड्यांपुरता नाही. भारतात परवान्यावर बनलेली कुठलीही वस्तू घ्या, रेडिओ, ट्रॅक्टर, शिवणयंत्र. मूळ देशातली माहिती मुबलक असते, नीट छापलेली असते, इंटरनेटवर पटकन सापडते. इथली माहिती विखुरलेली असते. म्हणून हात आपोआप मूळ देशाच्या आकड्याकडे जातो. पण परवान्यावरची वस्तू मूळ वस्तूसारखी नेमकी किती होती, हाच तर आपला संशोधनाचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर गृहीत धरून सुरुवात केली तर संशोधन करायचं कशाला?

नावाचीही गंमत आहे. कंपनीने नाव बदललं तरी मुंबईकर शेवटपर्यंत "फियाट"च म्हणत राहिले. त्यामुळे वर्तमानपत्रांच्या फायलींत नुसतं "पद्मिनी" शोधलंत तर १९७४ च्या आधीची वीस वर्षं गळून जातात. आणि मुलाखतीत कोणी "आमची फियाट" म्हटलं तर ती १९५८ ची असेल किंवा १९९५ ची. मी आता मुलाखतीत एक साधा प्रश्न आधी विचारते: गाडी घेतली तेव्हा घरात कोणाचं लग्न झालं होतं, कोण जन्माला आलं होतं? साल लोकांना आठवत नाही, बारसं आठवतं.

तारखांचंही तसंच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली आणि पेपरांत निरोपाचे लेख आले. कारखान्यातलं उत्पादन, विक्री, नोंदणी, रस्त्यावरून निवृत्ती या वेगवेगळ्या तारखा आहेत. "पद्मिनी कधी संपली?" असं विचाराल तर त्यातली कोणतीही तारीख कोणीही बरोबर म्हणून देईल.

दुसरा प्रश्न: आकडा कोणी मोजला आणि कसा?

काही आकडे आपले आपण तपासता येतात. सीसी हा त्यातला. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, पिस्टन वरखाली जितकं सरकतो ते अंतर म्हणजे स्ट्रोक. दहावीचं घनफळाचं सूत्र लावायचं. फियाटचा बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. एका सिलिंडरचं घनफळ सुमारे २७२.४ घनसेंटिमीटर, चाराने गुणा, १०८९ च्या किंचित वर. जमलं. ॲम्बेसेडरचा बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. करून बघा, १४८९ येतं. इटलीच्या त्या ११०० डी चा बोअर ७२ मिमी होता, स्ट्रोक तोच ७५. म्हणून १२२१. मी हा दोन मिनिटांचा गुणाकार आधी केला असता आणि बोअर कुठून आला ते पाहिलं असतं, तर मॅडमच्या पेन्सिलीपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

अश्वशक्ती मात्र अशी घरबसल्या तपासता येत नाही. ती मोजावी लागते आणि मोजायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. जुन्या माहितीपत्रकांत 'एसएई' असं लिहिलेलं असेल तर बहुधा तो ग्रॉस आकडा असतो. म्हणजे इंजिन गाडीतून काढून टेबलावर ठेवलं, एअर फिल्टर, फॅन, सायलेन्सर असं जे जे ताकद खातं ते बाजूला केलं आणि मग मोजलं. जर्मन 'डीआयएन' पद्धतीत या गोष्टी जागेवर ठेवून मोजतात, म्हणून आकडा लहान येतो. अमेरिकेतल्या कंपन्यासुद्धा सत्तरीच्या सुरुवातीला ग्रॉसवरून नेटवर आल्या आणि एका रात्रीत त्यांच्या गाड्या कागदावर अशक्त झाल्या. इंजिन तेच, मोजमाप नवं. शिवाय युरोपातला 'पीएस' आणि इंग्रजी 'बीएचपी' यांतही दीडेक टक्क्याचा फरक असतो.

आता एकच इंजिन किती रूपं घेतं ते बघा. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही होतं. तिथे दोन कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, ताकद सत्तरीच्या आसपास. ॲम्बेसेडरमध्ये एक कार्ब्युरेटर आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल पचेल असं कॉम्प्रेशन, म्हणून आकडा कुठे ५० तर कुठे ५५. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन १९५३ मध्ये ३६ चं होतं, त्याचीच 'टीव्ही' नावाची वेगवान आवृत्ती ५० च्या आसपास जायची. भारतात ते ४० ते ४२ म्हणून लिहिलं गेलं. तेव्हा "इंजिन मोठं म्हणजे गाडी जोरात" हे विधान करण्याआधी थांबायचं.

आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या: कोणी छापला, कोणत्या वर्षी, कोणत्या पद्धतीने. माझ्या एक्सेलमध्ये आता प्रत्येक आकड्याला हे तीन रकाने आहेत. ज्यांचे तीनही भरत नाहीत ते आकडे प्रबंधात जात नाहीत, कितीही मोहक असले तरी.

तिसरा प्रश्न: कोणत्या परिस्थितीत?

इथे खरी मजा आहे. ताकद भागिले वजन हे गाडीच्या चपळाईचं ढोबळ माप मानलं जातं. ॲम्बेसेडरचं वजन सुमारे ११०० किलो, पद्मिनीचं सुमारे ८९५ किलो. आता हिशोब करू.

ॲम्बेसेडर ५५ ची आणि पद्मिनी ४० ची धरली, तर टनामागे अनुक्रमे ५० आणि ४४.७ अश्वशक्ती. मामा जिंकले.

ॲम्बेसेडर ५० ची आणि पद्मिनी ४२ ची धरली, तर ४५.५ आणि ४६.९. काका जिंकले.

चारही आकडे कुठे ना कुठे छापलेले आहेत. म्हणजे निकाल तुम्ही कोणतं कात्रण आधी उघडलं यावर ठरतो! आता काकांना जिंकून देणारीच जोडी घेऊ आणि गाडीत माणसं बसवू. पाच माणसं आणि थोडं सामान मिळून ३५० किलो. ॲम्बेसेडर झाली १४५० किलो, पद्मिनी १२४५. पुन्हा भागाकार: ॲम्बेसेडर ३४.५, पद्मिनी ३३.७. निकाल उलटला.

असं का होतं? हलक्या गाडीला तेच ओझं प्रमाणात जास्त जड पडतं. रिकाम्या गाडीत एकटा माणूस ऑफिसला जातो तेव्हा फियाट पुढे, आणि सहकुटुंब सहपरिवार गावाला निघाले की ॲम्बेसेडर पुढे. फरक फार मोठा नाही, पण दिशा बदलते हे लक्षात घ्या.

यात आणखी एक पदर आहे. ॲम्बेसेडरचा स्ट्रोक बोअरच्या सुमारे १.२२ पट, फियाटचा १.१० पट. ॲम्बेसेडरचं इंजिन जास्तीत जास्त ताकद देतं साधारण ४२००-४४०० फेऱ्यांना, फियाटचं ४८०० च्या आसपास. साध्या भाषेत, एक इंजिन सावकाश फिरत असतानाच ओढ देतं, दुसऱ्याला फिरवावं लागतं पण ते खुशीने फिरतं. मामांचं "ओढते" आणि काकांचं "पळते" ही दोन क्रियापदं इतकी वर्षं नेमकी हीच गोष्ट सांगत होती. आम्ही ती भावना समजून हसत होतो. मौखिक साधनांना "सब्जेक्टिव्ह" म्हणून बाजूला ठेवण्याआधी हे आठवा. बोलणाऱ्याकडे आकडा नसतो, पण अनुभव मोजमापाइतकाच काटेकोर असू शकतो.

लांबी-रुंदीतही असंच. ॲम्बेसेडरचा व्हीलबेस २४६४ मिमी, पद्मिनीचा २३४०, फरक १२ सेंटिमीटर. पण एकूण लांबीत फरक सुमारे ४० सेंटिमीटरचा. म्हणजे जास्तीची बरीचशी लांबी चाकांच्या पुढे-मागे, त्यात डिकीही आली. आणि रुंदीत जवळपास २० सेंटिमीटर. मागच्या सीटवर तिसरा माणूस नीट बसतो की अवघडून, हे ठरतं या वीस सेंटिमीटरवर. गिरगावच्या गल्लीत गाडी वळते की अडते, हेही त्याच वीस सेंटिमीटरवर. एकच आकडा एका ठिकाणी गुण, दुसऱ्या ठिकाणी दोष.

चौथा प्रश्न: कोणता आकडा बदलला नाही?

इथवर आपण तुलना दुरुस्त करत होतो. पण हे सगळं दुरुस्त केल्यावर मला जे दिसलं त्यासाठी मी विषयच थोडा वळवला.

आपण दोन गाड्यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवतो. त्याऐवजी एकाच गाडीचे आकडे वर्षांखाली वर्षं असे ठेवून बघा. फियाट: १९५४, १०८९ सीसी. १९६४, १०८९. १९७४, १०८९. १९८४, १०८९. नव्वदीत एक डिझेल आवृत्ती आली, पण पेट्रोल गाडी अखेरपर्यंत १०८९ चीच. मधल्या काळात इटलीत काय झालं? ११०० ची मालिका १९६९ मध्ये संपली आणि तिच्या जागी पुढची चाकं फिरवणारी, सर्वस्वी नवी फियाट १२८ आली. इंग्लंडमध्ये तर ऑक्सफर्ड सिरीज थ्री १९५९ मध्येच गेली. म्हणजे ॲम्बेसेडर ज्या गाडीवरून आली ती गाडी मायदेशी दोनेक वर्षांतच निवृत्त झाली आणि इथे अर्धशतक चालली.

न बदललेला आकडा तक्त्यात कंटाळवाणा दिसतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तोच सगळ्यात बोलका पुरावा आहे. बदल घडला की आपण कारण शोधतो. बदल घडला नाही तेव्हाही कारण शोधायला हवं, कारण चाळीस वर्षं तेच इंजिन बनवत राहणं आपोआप होत नाही. ते कोणीतरी ठरवलेलं असतं किंवा दुसरं काही करणं अशक्य झालेलं असतं.

इथे दोन ठराविक गोष्टी सांगितल्या जातात. एक हळवी: "काय दणकट गाड्या होत्या, आताच्या पत्र्याच्या डब्यांना सर नाही." दुसरी कुत्सित: "लायसन्स राजने दोन भंगार गाड्या आपल्या गळ्यात मारल्या." दोन्हींची अडचण एकच, दोन्ही फक्त गाडीकडे बघतात. थोडं कागदांकडे बघू.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना नव्हे, तर टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव द्यावा. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डने त्यानंतर इथलं जोडणीचं काम गुंडाळलं. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन कंपन्या उरल्या: हिंदुस्तान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. भाग इथे बनवायचे म्हणजे साचे, डाय, यंत्रं, पुरवठादार सगळं उभं करायचं. एकदा १०८९ सीसीचा ब्लॉक ओतायची, घासायची सगळी यंत्रणा देशात उभी राहिली की नवं इंजिन आणणं म्हणजे पुन्हा परदेशी चलन, पुन्हा मंजुरी, पुन्हा आयात. १२२१ चं इंजिन १९६४ मध्ये का आलं नाही, याचा माग मी आता या दिशेने घेते आहे. माझ्या तक्त्यातली चूकच माझा संशोधनाचा प्रश्न झाली.

सरकारने केलेली तुलना

या दोन गाड्यांची कसून तुलना एकदा झालेली आहे आणि ती अश्वशक्तीत नव्हे, रुपयांत. १९६९ मध्ये सरकारने उद्योग (विकास व नियमन) कायदा, १९५१ खाली आदेश काढून ॲम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड या तीन गाड्यांच्या किमती ठरवून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती सर्जू प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालच्या कार प्राइसेस इन्क्वायरी कमिशनने प्रत्येक कंपनीचा खर्च तपासला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. किमतीवरचं नियंत्रण पुढे १९७५ मध्ये उठलं.

हा निकाल जरूर वाचा, कायद्याचे विद्यार्थी नसलात तरी. तिथे गाडी म्हणजे कच्चा माल, मजुरी, बाहेरून घेतलेले भाग, गुंतवलेलं भांडवल आणि त्यावरचा वाजवी परतावा. "चांगली गाडी कोणती" हा प्रश्न तिथे नाहीच. "या गाडीची रास्त किंमत किती" हा आहे. विचार करा, किंमत खर्चावरून ठरणार असेल आणि गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून उभे असतील, तर गाडी सुधारण्यासाठी पैसे घालायचं कंपनीला काय कारण उरतं? आणि उलट बाजूने, गाडी मुबलक नसताना किंमत मोकळी सोडली तर सरकारला काय भीती वाटली असेल? दोन्ही बाजू कागदांत सापडतात, आणि दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं प्रामाणिकपणे खरं वाटत होतं असंच वाचताना जाणवतं. हळवी गोष्ट आणि कुत्सित गोष्ट, दोन्ही इथे अपुऱ्या पडतात.

गृहीतक तपासायचं कसं: टॅक्सीचं उदाहरण

शेवटी एक छोटा सराव. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे फियाट, कोलकात्याची पिवळी टॅक्सी म्हणजे ॲम्बेसेडर. का? सर्वांत सोपं उत्तर, ज्याचा कारखाना जवळ त्याची गाडी. कुर्ला मुंबईत, उत्तरपाडा कोलकात्याला लागून. पटतं ना?

पटलं की लगेच त्याच्या विरोधातलं उदाहरण शोधायचं. दिल्ली दोन्ही कारखान्यांपासून लांब, आणि तिथे टॅक्सी म्हणून ॲम्बेसेडर ठळकपणे दिसायची. मग नुसतं अंतर पुरेसं कारण नाही. सरकारी खात्यांत ॲम्बेसेडरच असायची, म्हणून दिल्लीत तिचे मेकॅनिक आणि सुटे भाग सहज मिळत असतील का? डिझेल इंजिन कोणत्या गाडीत आधी आलं आणि टॅक्सीवाल्याच्या रोजच्या हिशोबात त्याने काय बदललं? मुंबईत ट्रॅफिक, अरुंद रस्ते आणि एक-दोन प्रवाशांची भाडी, तर हलकी गाडी परवडत असेल का? वरचा ताकद-वजनाचा हिशोब आठवा. यातला प्रत्येक प्रश्न वेगळ्या साधनाकडे नेतो: आरटीओची नोंदणी, टॅक्सी संघटनांची कागदपत्रं, सुट्या भागांच्या दुकानांच्या वह्या, चालकांच्या मुलाखती. एक कारण पकडून बसलात तर बाकीच्या तीन साधनांपर्यंत तुम्ही पोचणारच नाही.

तुमच्या तक्त्यासाठी

तुमच्या प्रस्तावात तुलना असेल तर सादरीकरणाच्या आधी एवढं करून बघा. दोन्ही रकान्यांतल्या वस्तू एकाच वर्षाच्या, एकाच देशात बनलेल्या आहेत का? प्रत्येक आकड्याचा छापणारा, वर्ष आणि पद्धत लिहिता येते का? जो आकडा स्वतः काढता येतो तो काढून पाहिलात का? एक गृहीत बदललं तर निकाल उलटतो का, आणि उलटत असेल तर ते प्रबंधात लिहायची तयारी आहे का? आणि सगळ्यात शेवटी, जो आकडा वर्षानुवर्षं हललाच नाही, त्याच्याखाली लाल रेघ मारा. माझा दुसरा चॅप्टर त्या एका रेघेतून निघाला.

गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नात वाद पुन्हा निघाला. मी काका आणि मामा दोघांनाही टनामागच्या अश्वशक्तीचा हिशोब पत्रिकेच्या पाकिटावर मांडून दाखवला. मामा म्हणाले, "म्हणजे आम्ही दोघंही बरोबर?" मी म्हटलं, "हो, पण एकाच वेळी नाही." काकांनी पाकीट उलटं केलं आणि शांतपणे विचारलं, "बरं, मग माझी गाडी यायला सात वर्षं का लागली, ते सांग." त्याचं उत्तर पाकिटावर मावणारं नव्हतं. त्यांची मुलाखत मी पुढच्या रविवारी घेते आहे.